दोन मजल्यांच्या मध्ये

३ जून

भावजी,

नमस्कार. पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नका. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहिते आहे.

काम आहे. माझ्या संगीताच्या वर्गात एक बारा वर्षांची मुलगी आहे. सगळी शाळा तिला मास्तरीण म्हणते. ती चाकाच्या खुर्चीत असते. हात तिचं ऐकत नाहीत आणि बोलणं फक्त तिच्या आईला कळतं. बाकीच्यांशी ती अक्षरांच्या फळीवर बोलते. ती अक्षराकडे बघते, आपण तिथे बोट ठेवून वाचायचं. पण कान असा, की व्हायोलिनची तार केसभर उतरली तरी हिची डावी भुवई वर जाते. वाद्यं लावताना मुलं आता माझ्याकडे बघतच नाहीत, तिच्या भुवईकडे बघतात. नाव उगाच नाही पडलं.

डिसेंबरात शाळेच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम असतो. तो बसवतात आमचे काडीसर. ताल द्यायची काडी त्यांच्या हातात जेवतानासुद्धा असते, म्हणून हे नाव. माणूस वाईट नाही. गेल्या वर्षी त्यांनी मास्तरणीच्या मनगटाला छोटी घंटा बांधली आणि शेजारची मुलगी तिचा हात धरून हलवत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. निघताना तिने फळीवर एकेक अक्षर दाखवलं: "मी कुंडी होते का?" स्टेजच्या कडेला शोभेच्या कुंड्या ठेवतात ना, तशी.

या वर्षी मी काडीसरांशी भांडले. ते म्हणाले, "तिचं ती वाजवेल असं वाद्य आणा, मी वादकाची खुर्ची देतो." अशी वाद्यं बाजारात मिळतात, दोन मागवून बघितली. एकाला बोटं लागतात. दुसरं पापण्यांच्या हालचालीवर चालतं, आणि हिच्या पापण्या दहा मिनिटांत दमतात. मान मात्र चांगली चालते, आणि फुंकर. तुम्ही तुमच्या इमारतीतल्या आजोबांसाठी लिफ्टचं बटण कोपराने चालेल असं केलं होतंत. मान आणि फुंकर, एवढ्या भांडवलावर वाद्य होईल का?

तुमचे दादा म्हणतात, "त्याला सांगू नकोस, तो घरदार सोडून त्याच्याच मागे लागेल." म्हणूनच सांगते आहे.

तुमची,
वहिनी

---

१२ जून

वहिनी,

पत्र पोचलं. माझा गुडघा बरा आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो.

सा कुठला आणि सांडशी कुठली हे मला कळत नाही, ते तुम्ही जाणता. तुमच्या पहिल्या गाण्याच्या कार्यक्रमात मी मागे जनरेटरपाशी बसलो होतो आणि खरं सांगायचं तर तोच मला जास्त सुरात वाटला. छत्तीस वर्षं लिफ्टच्या मोटारींशेजारी काढली. कानांनी तिथेच राजीनामा दिला. आता मी यंत्राला तळवा लावून ऐकतो.

पण तुमचं काम मला समजलं, ते असं. हुकूम मिळाला की लिफ्ट बरोबर त्या मजल्यावर थांबली पाहिजे. बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही. सूर म्हणजे मजले. एवढं असेल तर ते मला येतं.

मापं पाठवा. हनुवटी डावीउजवीकडे किती बोटं सरकते? खालीवर किती? एका फुंकरीत मेणबत्ती किती लांबून विझते? हळू आणि जोरात, असा फरक तिला करता येतो का? मान किती वेळाने दमते? खुर्चीच्या दांड्याची जाडी किती? सगळं मोजून. "साधारण" हा शब्द मला पत्रात दिसता कामा नये.

तुमच्या जावेचा निरोप: "जेवायच्या टेबलावर तारांचं भेंडोळं येऊन बसलंय. आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्याने जेवतो आहोत. वहिनींना सांगा, हे त्यांच्या खाती."

तुमचा दीर

---

२१ जून

भावजी,

मापं सोबतच्या कागदावर आहेत. मास्तरणीच्या आईने घेतली. ती शहरातली बस चालवते, त्यामुळे "साधारण" तिलाही चालत नाही. मेणबत्तीच्या वेळी मात्र गोंधळ झाला. मास्तरणीला इतकं हसू आलं, की सहा वेळा नुसती लाळ उडाली आणि सातव्या वेळी मेणबत्तीच आडवी झाली. सातवं माप धरू नका.

तिची एक अट आहे. आवाज बासरीसारखा नको. "सगळे मला लहान बाळासारखा आवाज देतात. मला जाड पाहिजे." तिची बोलायची इच्छा असते तेव्हा ती फळीवरून नजर हलवत नाही. "जाड" या शब्दावर ती बराच वेळ होती.

जावेला सांगा, मी तिची जन्माची ऋणी आहे, पण टेबल काही माझ्या खाती घेणार नाही. तुमच्याशी संसार तिने केला, मी नाही.

वहिनी

---

९ ऑगस्ट

वहिनी,

खोकं पाठवतो आहे. उलटं उघडू नका.

समोर जी कांडी आहे ती हनुवटीने सरकवायची. बाजूची नळी तोंडात धरून फुंकायचं. कांडी मजला ठरवते, फुंकर लिफ्ट हलवते. फुंकर जोरात, तर आवाज मोठा. आवाज जाड ठेवला आहे. मी स्पीकरला तळवा लावला तर कोपरापर्यंत पोचला.

आता खरी गंमत. तुम्ही पाठवलेलं कार्यक्रमातलं गाणं मी आत भरून ठेवलं आहे. कांडी ज्या पट्टीवर सरकते तिला खाचा आहेत. हनुवटी थोडी इकडेतिकडे झाली तरी कांडी बरोबर खाचेत बसते. खाचही चुकली, तर आतलं यंत्र गाण्यात कुठला सूर हवा ते बघून तोच लावतं. फुंकर मात्रेआधी आली, तर दार धरून ठेवतं आणि वेळेवर सोडतं. थोडक्यात, चूक करायची म्हटली तरी होणार नाही. ही व्यवस्था बंद करायचे दोन खटके मागच्या झाकणाखाली आहेत, पण त्यांवर मी लाख ओतली आहे, कोणाचा चुकून हात लागायला नको.

छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली ती दोनदाच. हे वाद्य एकदाही अडकणार नाही. हमी.

वापरायची माहिती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. मास्तरीणबाईंना वाचून दाखवा.

तुमचा दीर

ता. क. टेबल मोकळं झालं. बसून जेवलो. तुमच्या जावेने आधी टेबल पुसलं आणि मग मला.

---

१९ ऑगस्ट

भावजी,

खोकं सुखरूप आलं. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. पहिल्याच दिवशी मास्तरणीने अख्खं गाणं वाजवलं, एक सूर इकडचा तिकडे नाही. काडीसरांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि तिथल्या तिथे तिला पुढच्या रांगेतली खुर्ची दिली. तुमचं किती कौतुक करू?

मास्तरीण जरा दमलेली वाटते, बाकी छान.

घाईत आहे.

वहिनी

---

२८ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र मी इमारतीतल्या चार घरांत वाचून दाखवलं. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "आता तुम्ही लिफ्टवाले नाही, वाद्यवाले." मी त्यांना चहा पाजला.

एकच राहिलं. प्रत्येक लिफ्टमध्ये फेऱ्या मोजणारा एक आकडा असतो. सवयीने मी तोही बसवला आहे, डाव्या बाजूला, नखाएवढ्या खिडकीत. दर फुंकरीला तो एकाने पुढे जातो. आज तो किती आहे ते कळवा. म्हणजे कांडीला तेल कधी लागेल ते मला सांगता येईल. रोज तासभर सराव धरला, तर दहा हजारांच्या पुढे असायला हवा.

तुमचं पत्र एवढं छोटं का होतं?

दीर

---

५ सप्टेंबर

भावजी,

आकडा ४१२ आहे. पहिल्या दोन दिवसांचा. त्यानंतर तो हललेला नाही.

मी तुमच्याशी खोटं बोलले. पूर्ण खोटं नाही, पण जे लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही. तुम्ही दोन महिने उभ्याने जेवलात, मला धीर झाला नाही.

झालं असं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वाजवताना मास्तरणीला नळीतच शिंक आली. गाण्यात जिथे उंच सूर यायचा होता, बरोबर तिथे, बरोबर मात्रेवर, तो आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काडीसर म्हणाले, "अप्रतिम, बाळा." मास्तरीण थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले, मान भलतीकडेच वळवली आणि मनाला येईल तसं फुंकत सुटली. गाणं शेवटपर्यंत बिनचूक वाजलं. पुन्हा टाळ्या.

मग तिने फळी मागितली. "हे तर लिफ्टवाले काका वाजवतात. मी फक्त वारा घालते."

मी समजावलं, की अगं, खुर्ची मिळाली आहे, पुढच्या रांगेत. तर म्हणाली, "कुंडी पुढे आली."

दुसरं असं, की आमच्या मोठ्या वर्गातली एक मुलगी चेलो वाजवते, म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायचं मोठं व्हायोलिन. ती एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट वाजवत जाते, घसरत. मास्तरणीला तेच पाहिजे. तुमची माहिती तिने तीनदा वाचून घेतली आहे, त्यामुळे ती आता तुमच्याच भाषेत बोलते: "मला दोन मजल्यांच्या मध्ये थांबायचं आहे."

मी काडीसरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मदत काढून वाजवणार असेल, तर मला तिला बाकीच्यांसारखंच ऐकावं लागेल. पंधरा नोव्हेंबरला परीक्षा. जमलं नाही, तर खुर्ची नाही." मी मास्तरणीला विचारलं, की आत्ताची खुर्ची राहू दे का. ती फळीकडेही बघायला तयार नाही. नुसती डावी भुवई वर.

रागवा माझ्यावर. पण तिच्यासाठी काहीतरी करा.

वहिनी

---

१६ सप्टेंबर

वहिनी,

तीन दिवस मी रागातच होतो. तुमच्यावर, त्या मुलीवर आणि शिंकेवर. मनात आलं, लोक लिफ्ट मध्ये अडकली तर जीव घेतात, आणि हिला मुद्दाम मध्ये थांबायचं आहे.

चौथ्या दिवशी तुमची जाऊ म्हणाली, "आपली मुलगी सायकल कधी शिकली, आठवतं?"

म्हटलं, "मी शिकवली. दोन महिने सीट धरून मागे पळत होतो."

"दोन महिन्यांत शिकली नाही ती. तुम्ही तापाने आठवडाभर पडून होतात ना, त्या आठवड्यात शिकली. दोन्ही गुडघे फोडून घेतले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही सांगितलं नाही."

सोळा वर्षं हे माझ्याच घरात माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. तेव्हा तुमच्या तीन आठवड्यांचं मी काही मनावर घेत नाही.

सोबत नवी पट्टी आहे. हिला खाचा नाहीत, काचेसारखी गुळगुळीत आहे. जुनीचे चार स्क्रू काढा, ही बसवा. मग मागचं झाकण उघडून लाख फोडा आणि दोन्ही खटके खाली ओढा. हे काम तिच्या आईकडे द्या. तुम्ही स्क्रू हरवता.

आधीच सांगतो, आता ते भयंकर वाजेल. हनुवटी केसभर सरकली की सूर सरकेल. फुंकर आधी आली की आवाज आधी येईल. कोणी दार धरणार नाही.

त्या मुलीला सांगा, माझं चुकलं. नको, मी स्वतःच लिहितो. वेगळी चिठ्ठी आत आहे.

दीर

---

४ ऑक्टोबर

लिफ्टकाका,

तुमची चिठ्ठी मिळाली. मी माफ केलं.

आता भयंकर वाजतं. आभारी आहे.

आकडा ६,२३८. शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. आमचा कुत्रा पहिल्या दिवशी पलंगाखाली गेला होता, आता दारापर्यंत येतो. म्हणजे सुधारणा आहे.

तक्रारी. कांडी डावीकडे सैल आहे. नळीला प्लास्टिकचा वास येतो. सगळ्यात खालचा सूर खरा लागत नाही, तो मुळातच थोडा वर आहे. तुम्ही मीटरने लावला असेल, पण मीटरला कान नसतात. सुधारून द्या.

दोन मजल्यांच्या मध्ये खूप जागा आहे, तुम्हाला माहीत होतं का? मी काल एका सुरावरून दुसऱ्यावर जायला पूर्ण फुंकर लावली. आई म्हणाली, बस घाटात चढते तसं वाटलं.

हे आईने लिहून घेतलं. तिने दोन ठिकाणी "कृपया" घातलं होतं, ते मी काढायला लावलं.

मास्तरीण

---

१३ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

सैल कांडीसाठी नवा वॉशर पाठवतो आहे. नळी मिठाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा.

खालच्या सुराचं मी मान्य करत नव्हतो. शेवटी पोस्टमास्तरांच्या नातीला, ती गाणं शिकते, तुम्ही फोनवर वाजवलात तेव्हा तो सूर ऐकवला. तुमचं बरोबर आहे. छत्तीस वर्षांत माझ्या कामाची एवढी स्पष्ट तक्रार कोणी लिहून दिली नव्हती. बहुतेक लोक लिफ्टला लाथ मारतात. सूर खाली आणायचा स्क्रू कुठे आहे, त्याचं चित्र काढलं आहे. किती फिरवायचा ते लिहीत नाही. तुमची भुवई सांगेल.

लिफ्टकाका

---

१६ नोव्हेंबर

भावजी,

काल परीक्षा झाली. मी बाहेर बाकावर होते. तिची आई माझ्या शेजारी होती. सहा टनांची बस चालवणारी बाई, पण ओढणीचं टोक चावून चावून तिने ओलं केलं होतं.

पहिल्यांदा वाजवताना ती मध्येच अडली. काडीसरांनी काडी खाली ठेवली नाही. म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून घे." दुसऱ्यांदा पोचली शेवटपर्यंत. तीन सूर घसरले, एक लागलाच नाही. पण संथ भागात तिने ती घसरण घेतली. आत चेलोवाली मुलगी साथीला होती, तिचा गज थांबल्याचं मला बाहेर ऐकू आलं.

काडीसर बाहेर येऊन म्हणाले, "शेवटची रांग. चेलोंच्या मागे. संथ भाग तिचा, जलद भागात फक्त खालचे सूर. जलद तिला अजून येत नाही."

रुमाल काढला नाही त्यांनी. "बाळा"ही म्हणाले नाहीत.

मास्तरीण मात्र धुमसते आहे. शेवटची रांग का, म्हणून. जलद भाग मागून घ्यायचा बेत आहे. आकडा एकोणीस हजारांवर गेला.

वीस डिसेंबरला तुम्ही दोघं येताय. हे आमंत्रण नाही, हुकूम आहे.

वहिनी

---

२३ डिसेंबर

भावजी,

घरी नीट पोचलात का? तुमच्या भावाने निरोप देताना स्टेशनवर डुलकी काढली, ते मनावर घेऊ नका.

कार्यक्रमात मी पडद्यामागे मुलांना रांगेत लावत होते, त्यामुळे निम्मं काही मला दिसलंच नाही. नंतर व्हरांड्यात काडीसर मास्तरणीशी काहीतरी बोलले म्हणे, आणि तिची आई चिडली म्हणे. मी विचारते तर आई हसते आणि मास्तरीण फळी बघत नाही. तुम्ही तिथे होतात ना? काय झालं ते लिहा. मोजून लिहा, "साधारण" नको.

वहिनी

---

२९ डिसेंबर

वहिनी,

क्रमाने सांगतो.

मी मुद्दाम कडेच्या खुर्चीवर बसलो, तिच्या स्पीकरला लागून. कोणी बघत नाही असं पाहून तळवा टेकवला. संथ भाग आला. एक सूर तळव्यात उभा राहिला आणि मग निघाला. मला वाटलं होतं, मजले मोजता येतील. नाही आले. तो मधल्या सगळ्या जागेतून, कुठेही न थांबता, वर चढत गेला. आजवर मी त्या जागेला बिघाड म्हणत आलो. तुमच्या जावेने माझ्याकडे बघून तिचा रुमाल दिला. मी म्हटलं, धूळ आहे.

जलद भागात काहीतरी झालं, हे मला तळव्यातच कळलं. तिचा खालचा सूर आला आणि बाकीचे त्याच्यामागून धावत आले. लोकांच्या लक्षात आलं नसावं. टाळ्या भरपूर झाल्या.

मग मी कांडीचे स्क्रू बघायला मागच्या व्हरांड्यात गेलो. मास्तरीण तिथे होती, तिची आई होती, शेजारी वाद्यवृंदात ढोल वाजवणारा एक मुलगा. लोक येऊन तिला "किती गोड", "किती धीराची" म्हणत होते. ती छताकडे बघत होती.

तेवढ्यात काडीसर आले. घाम निथळत होता. बोलले मोठ्याने, म्हणून मलाही शब्द न शब्द ऐकू आला. "जलद भागात तू एक मात्रा आधी घुसलीस. सगळे चेलो तुझ्यामागे फरफटत गेले. मोजत नाहीस तू, अंदाजाने जातेस. सोमवारी सगळ्यांच्या अर्धा तास आधी यायचं." मग ढोलवाल्याकडे वळून त्यालाही तितकंच झाडलं.

एक बाई म्हणाली, "अहो, निदान आज तरी." तिची आई बाह्या सारत उठली. मला वाटलं, आता काडी मोडते.

मास्तरणीने घशातून आवाज काढला आणि फळीकडे बघितलं. आई रागात होती, तिचं बोट दोनदा चुकीच्या अक्षरावर गेलं, म्हणून मी बोट ठेवून वाचलं. मुलगी नखशिखांत लाल झाली होती आणि इतकी खूश दिसत होती, की तिला नजर अक्षरांवर टिकवता येत नव्हती. बराच वेळ लागला.

"आई, खाली बस. मला ओरडतायत."

तुमचा दीर